दाजींचे रिकामे पिस्तूल

पहिल्या खेपेची गोष्ट ठाण्यात सगळ्यांना तोंडपाठ होती, आणि एकटे दाजी सोडले तर सगळ्यांना ती आवडायची.

नवा शिपाई रुजू झाला की दुपारच्या चहाला त्याला ती ऐकवायची, असा शिरस्ताच पडला होता. सांगणारा असायचा बाळ्या. बाळ्या म्हणजे दाजींच्या बायकोचा पाठचा भाऊ. छत्तीस वर्षांचा, झुबकेदार मिशांचा गडी. पण घरात ताई त्याला बाळ्या म्हणायची म्हणून ठाण्यातही तो बाळ्याच राहिला, आणि तो ताईच्या नवऱ्याला दाजी म्हणायचा म्हणून हवालदारसाहेब अख्ख्या ठाण्याचे दाजी झाले. मोठे साहेबसुद्धा चिडले की ओरडायचे, "ओ दाजी, हा काय रिपोर्ट लिहिलाय?"

तर बाळ्या सांगायचा. सात वर्षांपूर्वी चिमटा नावाचा एक कुलूपफोड्या होता. कसलेही कुलूप तो दोन बारीक चिमट्यांनी, आवाज न करता उघडायचा. सराफाची पेढी साफ करून तो लाकडाच्या वखारीत दडला. आत गेले दोघेच, दाजी आणि बाळ्या. गोळीबार झाला. चिमट्याच्या गोळीने बाळ्याचा डावा कान अर्धा उडाला. ते पाहिले मात्र, दाजी खवळले! बारा फुटी फळ्यांच्या थप्पीवर चढले आणि वाघासारखी झेप घेऊन थेट चिमट्याच्या छाताडावर. बाळ्याने एका हाताने कान दाबला, दुसऱ्या हाताने बेड्या ठोकल्या. दोघांना पदके, पेपरात फोटो. सात वर्षांपूर्वी थप्पी बारा फुटांची होती, परवाच्या सांगण्यात ती एकोणीस फुटांवर गेली होती.

दाजी कोपऱ्यात बसून चहाच्या कपात बघत राहायचे. ऐकणारे म्हणायचे, काय विनय आहे बघा माणसाचा!

विनय कसला, ती भीती होती. खरे काय घडले ते तिघांना ठाऊक होते. एक दाजी, दुसरा देव, आणि तिसरा तुरुंगात होता.

दाजी थप्पीवर चढले होते ते झेप घ्यायला नव्हे, लपायला. पहिल्या बारालाच त्यांचे पाय त्यांना न विचारता पळत सुटले होते. वर पोचल्यावर थप्पी घसरली. फळ्यांबरोबर दाजी गडगडत थेट चिमट्याच्या अंगावर आले, आणि येता येता बोट चापावर दाबले गेले. बाळ्याचा कान उडाला तो दाजींच्या गोळीने. ती गोळी भुशाच्या ढिगात गेली ती कोणाला सापडली नाही. कागदावर दाजींनी लिहिले, 'आरोपीच्या गोळीने शिपाई जखमी. मी हवेत एक फैर झाडली.' दोन ओळी. त्या दोन ओळींनी चिमट्याची चार वर्षांची शिक्षा सातांची झाली.

त्या दिवसापासून दाजींनी भरलेले पिस्तूल कमरेला लावले नाही. रोज सकाळी शस्त्रागारातून ते घ्यायचे, संडासात जायचे, कडी लावून सगळ्या गोळ्या काढायचे आणि रुमालात गुंडाळून जेवणाच्या डब्याच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे. संध्याकाळी गोळ्या मोजून परत द्याव्या लागत, म्हणजे त्या जवळ तर हव्यात. पण पिस्तुलात नकोत. बायकोला त्यांनी सांगून ठेवले होते, "खालच्या कप्प्यात काही भरू नकोस, दुपारचं जड होतं." ती बिचारी सात वर्षे वरच्याच कप्प्यात दाबून दाबून भात भरत आली.

आणि मग एका गुरुवारी साहेबांनी दोघांना आत बोलावले.

"चिमटा सुटलाय," साहेब म्हणाले. "दोन महिने झाले. आणि गेल्या आठवड्यात बाजारातल्या सराफाचं कुलूप न तोडता कोणीतरी उघडलं. मोठ्या लॉन्ड्रीत कामाला आहे तो. जा, चौकशीला घेऊन या. जुनी जोडी परत मैदानात! सिनेमाचा दुसरा भाग येतो ना, तसं समजा."

बाळ्याने हात चोळले. "साहेब, दुसऱ्या भागात मारामारी जास्त असते."

"दुसरा भाग पहिल्यापेक्षा बरा निघाल्याचं ऐकलंयस का कधी?" दाजी म्हणाले. "साहेब, माझी पाठ दुखतेय."

"पाठ जीपमध्येही दुखेल. निघा."

बाळ्याने निघता निघता ताईला फोन लावून बढाई मारलीच. दोनच मिनिटांत तिने फोन दाजींना द्यायला लावला.

"ऐकताय ना? मागच्या खेपेला अर्धा कान घालवून आणलात त्याला. या खेपेला नेताय तसा परत आणा. सगळा. तुमचं पदक मला नको, भाऊ हवाय."

"अगं, नुसती चौकशी आहे."

"मागच्या वेळीही हेच म्हणाला होतात."

दाजींनी फोन ठेवला आणि मनातल्या मनात देवाचे नाव सुरू केले. ती त्यांची जुनी सवय होती. लोक आनंदात गातात, हे घाबरले की नाम घ्यायचे; आणि माणूसच असा भित्रा की दिवसाचे पुष्कळ नामस्मरण व्हायचे. देवाकडे कारणांचा हिशेब नसतो म्हणून बरे.

लॉन्ड्री म्हणजे दोन मजली उंचीचे पत्र्याचे लांबलचक आवार होते. शहरातल्या इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, कारखान्यांचे गणवेश, सगळे इथे येत. छपरातून वाफेचे लोट निघत होते आणि रस्त्यापर्यंत साबणाचा वास येत होता. जेवणाची सुट्टी जवळ आली होती.

"माझ्याकडे योजना आहे," बाळ्या म्हणाला. बाळ्याने शर्ट बदलला, मागच्या सीटवरचा एक डबा उचलला. "हातात डबा असला की माणूस कामगारच वाटतो. मी मागच्या दाराने आत शिरतो, त्याच्याशेजारी जेवायला बसतो, गोड बोलतो. तुम्ही पुढच्या दाराशी थांबा."

"बाळ्या, दोघं मिळून जाऊ. दारातून सरळ हाक मारू."

"दाजी, अशानं गोष्ट होते का?" आणि तो गेलासुद्धा.

दहा मिनिटे झाली. भोंगा वाजला, कामगार जेवायला बाहेर पडू लागले. बाळ्या नव्हता. चिमटाही नव्हता. पंधराव्या मिनिटाला पांढरा टोप घातलेल्या एक जाडजूड बाई धापा टाकत आल्या. धुलाईच्या बाजूची सगळी मशीन त्यांच्या ताब्यात. सगळे त्यांना मावशी म्हणत.

"दाजी कोण?" त्यांनी विचारले.

"मी."

"तुमचा माणूस आमच्या चार नंबरच्या मशीनमध्ये आहे."

दाजींना वाटले, आपण चुकीचे ऐकले. "मशीनजवळ?"

"मशीनमध्ये! आत! पिस्तूल काढून ओरडत धावला, 'हात वर' म्हणून. खाली साबणाचं पाणी होतं. घसरला तो सरळ ड्रममध्ये तोंडघशी गेला. त्या चष्मेवाल्या चिमट्यानं पाय आत ढकलले आणि दार लावलं. आता बटणावर हात ठेवून उभा आहे. म्हणतो, दाजीला पाठव. एकटा. दुसरं कोणी दिसलं तर मशीन सुरू."

दाजींनी वायरलेसवर साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, "वीस मिनिटं कळ काढा, कुमक पाठवतो." पण वीस मिनिटे कोणाजवळ होती? इस्पितळाच्या चादरींना उकळते पाणी लागते, हे दाजींना न सांगताही माहीत होते. ड्रमभर उकळत्या पाण्यात बाळ्या. आणि घरी त्याची ताई.

जीपशी येऊन त्यांनी घाईघाईने डबा उघडला. सात वर्षांत पहिल्यांदा गोळ्या पिस्तुलात घालायची वेळ आली होती. वरच्या कप्प्यात भात. खालच्या कप्प्यात रुमाल हवा होता. खालच्या कप्प्यात भाजी होती.

एकाच घरचे डबे. एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतलेले. बाळ्या कामगार व्हायला गेला तो दाजींच्या गोळ्या घेऊन गेला होता.

दाजी तिथेच जीपच्या पायरीवर बसले. पळून जावे असे वाटले का? वाटले. खोटे कशाला सांगायचे. रस्ता समोर मोकळा होता आणि किल्ली जीपलाच होती. मग ते उठले. कोणी म्हणेल, देवाचे नाव घेतले की भीती पळते. दाजींची पळाली नाही. ती त्यांच्याबरोबरच आत गेली, अंगाला चिकटून, ओल्या सदऱ्यासारखी. फरक इतकाच, की त्या दिवशी पायांनी तिचे ऐकले नाही.

आत पाऊल टाकताच वाफेने डोळे भरले. डोक्यावरच्या साखळीवर कारखान्यांचे निळे गणवेश टांगलेले होते आणि ती साखळी संथपणे फिरत होती. शेकडो बिनडोक्याची माणसे रांगेने चालल्यासारखी. एक बाही दाजींच्या गालाला लागली आणि ते किंचाळले. नळ ठिबकत होता. कुठेतरी वाफ सुटल्याचा 'स्स्स' आवाज येई आणि थांबे. हात जोडायला दोन हात लागतात, आणि दाजींच्या एका हातात रिकामे पिस्तूल होते, दुसऱ्यात वायरलेस.

चार नंबरचे मशीन माणसापेक्षा उंच होते. त्याच्या गोल काचेमागे बाळ्या होता. गुडघे छातीशी, मान वाकडी, मिशा काचेला चिकटलेल्या. त्याचे तोंड जोरजोरात हलत होते, पण जाड काचेतून शब्द बाहेर येत नव्हता.

शेजारी चिमटा उभा होता. सात वर्षांत वाळून काटकुळा झालेला, नाकावर चष्मा. कमरेला बाळ्याचे पिस्तूल, एक बोट हिरव्या बटणावर. समोरच्या टेबलावर दाजींचा डबा उघडा होता.

"हात वर!" दाजी ओरडले. आवाज एखाद्या मांजराचा निघावा तसा निघाला.

चिमट्याने त्यांच्याकडे पाहिले. मग मोकळ्या हाताने रुमालातून एक गोळी काढून टेबलावर उभी ठेवली. मग दुसरी. तिसरी. शिस्तीत, एकेक करून, साऱ्या.

"भूक लागली होती म्हणून डबा उघडला," तो म्हणाला. "भात बरा आहे. हे मात्र पचण्यातलं नाही. दाजी, तुम्ही रिकामं पिस्तूल घेऊन आलात माझ्यावर?"

दाजींनी पिस्तूल खाली केले. आता लपवायला काही उरले नव्हते. "सात वर्षं रिकामंच आहे," ते म्हणाले.

"का?"

"का, ते तुला माहीत आहे."

"मला आहे. जगाला नाही." चिमट्याचा आवाज चढला नाही, म्हणूनच जास्त भीती वाटली. "चोरी केली, चार वर्षं भोगली, तक्रार नाही. पण वरची तीन? कोणाच्या कानाची? माझी आई त्या तीन वर्षांत गेली, दाजी. पाचव्या वर्षी. चार धरले तर मी घरी असतो. आणि परत तुम्ही दोघं आलात. सराफाचं कुलूप उघडलं की चिमट्याला धरा! त्या दिवशी मी इथं रात्रपाळीला होतो, मावशींना विचारा. पण तुम्ही विचारत नाही. तुम्ही लिहिता."

आई गेली हे त्यांना माहीत नव्हते. त्या दोन ओळी लिहिताना कागदाच्या पलीकडे कोणाची म्हातारी बसली असेल, हा विचार त्यांना एकदाही शिवला नव्हता.

"वायरलेस चालू करा," चिमटा म्हणाला. "आणि बोला. कान कोणी उडवला?"

काचेमागे बाळ्या मान हलवत होता, नको नको म्हणून. त्याला वाटत होते दाजी शरण चाललेत. दाजींनी वायरलेसचे बटण दाबले. चोरापुढे उभे राहायचे भय त्यांनी पाहिले होते; पण हे दुसरेच होते.

"साहेब," ते म्हणाले, "वखारीतली गोळी माझी होती. मी लपायला वर चढलो होतो. पडलो. बाळ्याचा कान मी उडवला. याने नाही. मी खोटं लिहिलं. नोकरी जाईल म्हणून लिहिलं, आणि बायको काय म्हणेल म्हणून लिहिलं."

वायरलेसमधून नुसती खरखर आली. मग साहेबांचा आवाज, अगदी सावकाश, "दाजी... अख्खं ठाणं ऐकतंय."

"ऐकू दे, साहेब."

चिमट्याने डोळे मिटले. त्याचा हात हिरव्या बटणावरून खाली आला. दाजींनी श्वास सोडला.

आणि मशीन सुरू झाले.

आधी एक 'टक्' आवाज. मग खाली पाणी सुटल्याची सळसळ. मग ड्रमने हळूच एक झोका घेतला आणि बाळ्या काचेवरून नाहीसा होऊन त्याच्या जागी बाळ्याचे बूट आले.

"बंद कर!" दाजी ओरडले.

"मी हातच लावला नाही!" चिमटाही ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गोष्ट अशी होती, की जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीची बाजू बंद असते आणि सगळी वाफ मोकळी होते. म्हणून मावशी सुट्टीआधी मशीन लावून ठेवायच्या. दार लागले की अर्ध्या तासाने मशीन आपले आपण चालू. चार नंबर त्यांनी लावून ठेवले होते, चादरी तेवढ्या टाकायच्या राहिल्या होत्या. ही त्यांची रोजची रीत, इतकी रोजची की गडबडीत ते सांगायचे त्यांच्याही ध्यानात आले नव्हते. पण चिमटा घड्या घालायच्या बाजूचा, दोन महिन्यांचा नवा. त्याला याचा पत्ता नव्हता. दार त्यानेच लावले होते, आणि अर्धा तास आत्ता पुरा झाला होता.

"लाल बटण! लाल बटण दाब!"

लाल बटणावर चिकटपट्टी होती आणि पट्टीवर लिहिले होते, 'बिघडले आहे.' चिमट्याने ते तरीही दहा वेळा दाबले. काचेत बाळ्या पुन्हा दिसला, या वेळी आडवा. गार पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले होते.

"पहिलं पाणी गार असतं!" चिमटा म्हणाला. "दोन मिनिटं! मग वाफ सोडतं ते! मेन स्विच इस्त्रीच्या रुळामागं आहे, त्या टोकाला!"

दाजी धावले.

आयुष्यभर ते धोक्यापासून दूर धावले होते, आज धोक्याकडे धावत होते, आणि पायांना फरक कळत नव्हता. ते तितकेच सुसाट होते. गणवेशांची रांग आडवी आली. दाजी तिच्यात घुसले, तेव्हा कोणाच्या तरी गणवेशाची पँट त्यांच्या गळ्यात अडकली आणि साखळीने त्यांना चार पावले उलटे ओढत नेले. "सोड! अगं सोड!" त्या पँटीला बजावत त्यांनी मान काढली. पुढे साबणाचे पाणी होते. पाय सटकले, दाजी पाठीवर पडले आणि तसेच घसरत मळक्या टॉवेलांच्या गाड्यावर आदळले. गाडा चालता झाला. उतारावरून तो दाजींना घेऊन इस्त्रीच्या रुळाकडे निघाला, आणि तो रूळ म्हणजे बंद असूनही अजून जळत्या विटेसारखे तापलेले लांबलचक नळकांडे. "देवा, देवा, देवा," इतकेच शब्द उरले. रुळापासून हातभर अंतरावर गाड्याचे चाक कशालातरी अडले, दाजी पालथे उडाले आणि भिंतीवरच्या करड्या पेटीला लटकले. पेटीला दांडा होता. दाजींच्या वजनाने दांडा खाली आला.

सगळे थांबले. दिवे, साखळी, पंखे. एवढी शांतता, की दाजींना स्वतःचे दात वाजताना ऐकू आले.

ते परत धावत आले तेव्हा ड्रम थांबला होता आणि बाळ्या उलटा होता. डोके खाली, पाणी भुवयांपर्यंत, नाक कसेबसे वर. दार उघडेना. वीज गेली की दाराची कडी आतून अडकते, आणि पाणी निघेपर्यंत सुटत नाही. आणि पाणी काढायला वीज हवी.

"हँगर!" चिमटा म्हणाला. दाजींनी दोन हँगर तोडून दिले. चिमट्याने तारा वाकवल्या, मग कमरेचे पिस्तूल उपसले आणि सरळ दाजींच्या हातात दिले. "धरा हे. टोचतंय."

भरलेले पिस्तूल. दाजींचा तळहात भाजल्यासारखा झाला. समोर चिमट्याची पाठ होती, वाकलेली, बेसावध. सात वर्षांपूर्वीच्या बाळ्याच्या गोष्टीतल्या दाजींना एवढे पुरले असते. खऱ्या दाजींनी ते पिस्तूल दोन बोटांत मेलेल्या उंदरासारखे धरून मळक्या चादरींच्या पिंपात सोडले आणि दोन्ही हातांनी चिमट्याचा चष्मा सावरला, कारण तो घामाने नाकावरून घसरत होता.

"हलू नका," चिमटा पुटपुटला. "श्वास पण घेऊ नका."

बाळ्याचे डोळे काचेतून दाजींकडे बघत होते. त्यात आता बढाई नव्हती, काहीच नव्हते. नुसते लहान पोराचे भेदरलेले डोळे. पाणी हलले आणि नाक बुडाले. एक बुडबुडा. दुसरा.

'खट्.'

दार उघडले आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर बाळ्या दोघांच्या अंगावर आला. तिघेही खाली, साबणाच्या फेसात. बाळ्या खोकला, ओकला, पुन्हा खोकला. दाजी त्याला चाचपत होते, हात, पाय, डोके, उजवा कान, जणू सामान मोजून घेत होते.

"दाजी," बाळ्याला अखेर आवाज फुटला, "काचेतून नुसतं तुमचं तोंड हलताना दिसत होतं. काय बोललात की यानं हात काढला? काय गुंगवलंत त्याला!"

ठाण्याने ऐकले होते, साहेबांनी ऐकले होते, चिमट्याने ऐकले होते. ज्याचा कान, त्याने तेवढे ऐकले नव्हते. दाजींना वाटले होते अवघड तेवढे झाले. ते झालेच नव्हते.

"तुझ्या कानाबद्दल बोललो," ते म्हणाले. आणि फेसात बसल्या बसल्या, एकही शब्द न गाळता, त्यांनी सगळे पुन्हा सांगितले. या वेळी साहेबांना नव्हे, म्हणून फार वेळ लागला.

बाळ्याने ऐकले. तो ना ओरडला ना हात उगारला. मिशांतून पाणी ठिबकत होते. "आणि मी," तो शेवटी म्हणाला, "सात वर्षं मी गोष्ट सांगत होतो. लोकांना. तुमच्यासमोर." मग उठला, एक बूट सापडला तेवढा घातला आणि दाराबाहेर चालू लागला.

दाजींनी वायरलेसवर साहेबांना 'कुमक नको, आम्हीच येतो' असे कळवले आणि पिंपातले पिस्तूल, टेबलावरच्या गोळ्या गोळा केल्या. बाहेर मावशी उभ्या होत्या. दाजींनी आधी त्यांना विचारले, मग चिमट्याची रात्रपाळीची वेळ लिहून घेतली आणि त्यांची सही घेतली. चिमटा आपण होऊन जीपच्या मागच्या सीटवर बसला. "चला. माझीही सही लागेल ना त्या नव्या कागदावर? आणि याला ड्रममध्ये कोंडलं ते पण लिहा. खरं ते लिहा."

बाळ्या रस्त्याच्या कडेने चालला होता, एका पायात बूट, एका पायात मोजा. दाजींनी जीप त्याच्या बरोबरीने घेतली. माणसाच्या चालीने जीप चालवणे सोपे नसते. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले.

"बाळ्या, बस आत. सर्दी होईल."

बाळ्या चालत राहिला.

"ताईनं सांगितलंय तुला सगळा परत आण म्हणून."

"ताईचं नाव घेऊ नका."

"बोलत राहा," मागून चिमट्याने कुजबुजत सल्ला दिला. "गप्प बसलात की संपलं. माझी आई असंच करायची, चालत राहायची."

दाजी गप्प बसले नाहीत. बोलायला काही सुचत नव्हते, म्हणून जे खरे होते तेच बोलले. "बाळ्या, मला फार भीती वाटतेय. आत वाटली त्याहून जास्त. आता तू कधीच जीपमध्ये बसला नाहीस तर मी घरी कसा जाऊ?"

बाळ्या थांबला. मागच्या ट्रकवाल्याने शिवी हासडली, तिकडे त्याने वळून एकदाच असे पाहिले की ट्रकवाला काच वर करून बसला. मग तो जीपला वळसा घालून दाजींच्या बाजूला आला आणि दार उघडले.

"सरका," तो म्हणाला. "तुमचे हात बघा कसे कापतायत. सगळ्यांना घेऊन खड्ड्यात जाल."

दाजी सरकले. बाळ्या ओल्या कपड्यांनिशी बसला आणि त्याने गिअर टाकला.

"घरी गेल्यावर ताईला तुम्ही सांगायचं," चौकात तो म्हणाला. "मी बाहेर उभा राहीन. दाराला कान लावून नाही, उघड उभा राहीन. अर्धवट सांगितलंत तर आत येऊन पुरं करीन."

"बरं."

"आणि मी माफ केलेलं नाही."

"नाही रे. आत्ताच कसं करशील?"

ठाण्याचे फाटक दिसू लागले होते, आणि फाटकाशी सगळे उभे होते, साहेब धरून.